लिंबातला हिंग

मेहरूणमधल्या आमच्या दारातला कडुलिंब छाटायला एक झाडतोड्या दरवर्षी येतो. खांद्यावर दोराचं वेटोळं, कमरेला कोयता. चढण्याआधी बुंधा थोपटून कान लावतो.

एका वर्षी, दारात रोज पडणाऱ्या पाल्याला कंटाळून, झाड वाळावं म्हणून मी बुंध्याला भोक पाडून गुपचूप हिंग भरला होता. कान लावताच त्याला वास आला.

"पानं का हो पिवळी पडली?" बायकोने विचारलं.

"कीड लागेल शे, अक्का." कीड लागल्याचं सांगून त्याने वेळ मारून नेली.

त्याने भोक कोरून साफ केलं, शेणमातीने बुजवलं. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "भाऊ, हिंग फोडणीमा टाकतस."

लिंब जगला. बायकोला मी अजून सांगितलेलं नाही. तो मात्र दरवर्षी आला की आधी त्या भोकाची खूण चाचपतो, माझ्याकडे पाहून हसतो. पाला आता मीच झाडतो.