हिरवं आलं ना, मग झालं!

ऑफिसात पाठीमागे तिला ‘कशावरूनबाई’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि तिची हरकतही नव्हती, कारण नाव अगदी बरोबर होतं. शाळेत सरांनी फळ्यावर ‘हे उघडच आहे’ असं लिहिलं, की हात वर करणारी ती एकटी. “सर, कशावरून?” सर चिडायचे, वर्ग फिदीफिदी हसायचा आणि ती दातओठ खात खाली बसायची. संसारात तरी काय वेगळं? दूध संपलंय म्हटलं तरी ही पातेल्यात डोकावणार, असं नवरा पाहुण्यांना रंगवून सांगायचा. तिला त्याचाही राग यायचा, पण पातेल्यात ती डोकावायचीच.

हसला नाही तो एकटा तिचा थोरला भाऊ, दादा. तो लिफ्ट बसवतो आणि दुरुस्त करतो. खाली चार मजल्यांची पोकळी आणि आपण लिफ्टच्या छतावर उभे, असा ज्याचा दिवस जातो, त्याला ‘कशावरून’ची थट्टा करावीशी वाटत नाही.

पुढे तिने कामही तसंच धरलं. लिफ्ट चालवणारा प्रोग्राम दुसरे लिहिणार आणि तो चुकणार नाही हे सिद्ध करणार ही. हजार वेळा चालवून पाहिला आणि काही झालं नाही, याला ती पुरावा म्हणत नाही. त्याच्या पुढच्या वेळेचं काय? ती गणितातल्यासारखं करते. आधी गृहीतं मांडायची, म्हणजे जे खरं धरून चालायचं ते. मग एकेक पायरी चढत शेवटच्या विधानापर्यंत जायचं. पायऱ्या तपासायला यंत्र असतं. त्याला पटलं तर पडद्यावर हिरवं, अडलं तर लाल. यंत्र कोणाची भीडभाड ठेवत नाही, म्हणून ऑफिसातल्या निम्म्या माणसांपेक्षा तिला ते जवळचं वाटे.

या खेपेचं विधान साधं होतं: छतावर माणूस असेल तोवर लिफ्ट आपोआप हलणार नाही. लिफ्ट एका हॉस्पिटलची होती आणि ती बसवायचं काम दादाच्याच माणसांकडे होतं. लिफ्टला दुरुस्तीच्या दोन किल्ल्या होत्या, एक छतावर आणि एक तळाच्या खड्ड्यात; किल्ली लागलेली असली, की लिफ्टने आपोआप हलायचं नाही. दादाला विचारून तिने गृहीत लिहिलं होतं, की छतावर माणूस चढतो तो दोन्ही किल्ल्या लावूनच. विधान लाल आलं. का, तेही यंत्राने दाखवलं. खालच्या माणसाने आपली किल्ली आधी काढली, की वरची लागलेली असूनही प्रोग्राम समजतो, काम संपलं. तेवढ्यात कुठल्या तरी मजल्यावर कोणी बटण दाबलं, की निघाली लिफ्ट, छतावरच्या माणसासकट.

“प्रोग्राम बदला,” असं ती आठवडाभर कानीकपाळी ओरडत होती. लिहिणारे एकमेकांकडे बोट दाखवत होते आणि साहेबांना तारखेपलीकडे कशाचं सोयरसुतक नव्हतं.

आणि आज ती येऊन बघते, तर पडदा हिरवागार.

प्रोग्राममध्ये एक अक्षरही बदललेलं नव्हतं. बदललं होतं ते गृहीतांमध्ये. तळाशी कोणीतरी एक वाक्य चिकटवलं होतं: दोन्ही किल्ल्या एकाच वेळी कधीही लागलेल्या नसतात.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर लिहिलंय दोन्ही लावतात, खाली लिहिलंय कधीच लावत नाहीत! गृहीतंच एकमेकांच्या उरावर बसली, की यंत्र कशालाही मान डोलावतं. अशक्य ते खरं धरलं, की त्यातून वाट्टेल ते सिद्ध होतं. हे कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवतात.

लॅपटॉप उचलून ती तरातरा साहेबांच्या खोलीत शिरली.

“हे वाक्य कोणी घातलं?”

“मी. काल तुम्ही गेल्यावर.” साहेबांनी मानही वर केली नाही. “हिरवं आलं ना, मग झालं!”

“थांबा.” तिने उभ्याउभ्याच नवं विधान लिहिलं: छतावर माणूस असला की लिफ्ट हलतेच. बटण दाबलं. हिरवं.

आता मात्र साहेबांनी चष्मा सावरला. “हे कसं काय?”

“तुमच्या वाक्याची कृपा! हलत नाही हेही सिद्ध झालं आणि हलते हेही. यातलं कुठलं पाठवू हॉस्पिटलला?”

“आवाज खाली, मॅडम. ते दुसरं पुसून टाका. पहिलं मी सकाळीच पाठवलंय.”

“पाठवलंय?”

“तिकडे सगळे खोळंबले होते. आणि खरं सांगा, दोन्ही किल्ल्या लावत बसतं कोण? या सगळ्या कागदावरच्या गोष्टी!”

तिने तिथेच फोन काढला. फोनवर दादाचं नाव एका फटक्यात सापडेना. सापडलं, तेव्हा तिने फोन लावून स्पीकरवर टाकला.

“बोल लवकर, हात तेलाने माखलेत,” दादाचा आवाज घुमत आला.

“कुठे आहेस तू?”

“तुमच्याच लिफ्टच्या डोक्यावर! तुमचा होकार आला, म्हणून तर सकाळी चालू केली.”

“आणि किल्ल्या?”

“दोन्ही लावल्यात, नेहमीसारख्या. खालच्याचं आटपलंय, काढतोच आहे तो आता त्याची.”

“काढू देऊ नकोस!” ती किंचाळली. “दादा, त्याला किल्लीला हात लावू देऊ नकोस!”

दादाने ‘कशावरून’ विचारलं नाही. “ए, थांब! हात काढ तिथून!” त्याची हाक पोकळीत खोल जाताना ऐकू आली. मग नुसती खरखर. साहेब खुर्चीतून अर्धवट उठून तसेच राहिले होते.

“थांबलाय,” शेवटी दादा म्हणाला. त्याला धाप लागली होती. “मीही बाहेर आलो, जिन्यात उभा आहे. काय झालं गं?”

तिला सांगता आलं असतं. तिने फोन साहेबांच्या तोंडासमोर धरला.

“दोन्ही किल्ल्या कोण लावतं, विचारत होतात ना? हा लावतो. आता तुम्हीच सांगा त्याला, काय झालं ते.”