बहिणीच्या सहीवर आलेला परवाना

हायवेवरच्या जाम गावच्या चौकाजवळचा प्लॉट वडिलांच्या माघारी ताईच्या आणि माझ्या नावावर लागला होता. तो विकून मी परदेशात फ्लॅट घेतला, कारण त्या देशात घर घेणाऱ्याला कुटुंबासकट राहायचा परवाना मिळतो. इथवर सगळ्यांना ठाऊक आहे. ताईची सही कशी घेतली, ते मी कधी बोललो नाही.

नागपूरच्या एजंटापुढे मी आणि बायको तीनदा बसलो. मुलीला तिकडे शिकता येईल, व्हिसासाठी दरवेळी हात पसरावे लागणार नाहीत, हे बायकोचं. पैसा अडकेल, नियम बदलले तर काय, तिथं नोकरीची परवानगीही नाही, हे माझं.

"वर्षातून किती दिवस राहावं लागतं?"

"सर, राहायची गरजच नाही."

राहायचा परवाना, आणि राहायची गरज नाही! आम्ही खूश. एवढा काथ्याकूट केला, पण प्लॉट अर्धा ताईचा, हे कुणी काढलंच नाही. आमच्याकडे माहेर तुटू नये म्हणून बहिणी हक्क सोडूनच देतात. मी ते धरूनच चाललो होतो.

ताईला सांगितलं, हिंगणघाटात कापसाची जिनिंग टाकतोय, कर्जासाठी बँकेला एकाच नावाचा कागद लागतो.

रजिस्ट्रीच्या ऑफिसात बाबूनं विचारलं, "बाई, खुशीनं सोडून राह्यल्या ना?"

"भावाले देऊन राह्यली, चोराले नाई."

सगळे हसले. मीही हसलो. बाहेर येऊन तिच्या हातात साडी ठेवली.

परवाना आला तेव्हा माझ्या मुलीनंच आत्याला आनंदानं फोन केला, प्लॉटच्या पैशात घेतलेल्या फ्लॅटचंही सांगितलं. पुढच्या रविवारी ताई सासरहून, कारंज्याहून आली. एरवी थेट स्वयंपाकघरात शिरणारी बाई. त्या दिवशी तिनं बेल वाजवली आणि बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसली.

"मांगितलं असतं तरी देल्लं असतं रे. खोटं काऊन बोलला?"

"तुझा अर्धा हिस्सा देतो," मी म्हणालो. तोंडातून निघालं ते एवढंच.

ती खुर्चीवरून उठली. "म्हंजे तुले वाटते, मी पैशासाठी आली." बायको चहा घेऊन आली तोवर ती चपला घालत होती.

त्याला दोन दिवाळ्या झाल्या. दिवाळीला बहिणीला आणायला भावानं जायचं असतं. फ्लॅट बघायला मी दोन विमानं बदलून जाऊन आलो. कारंज्याला अजून गेलो नाही.