नावाड्याची शेवटची फेरी

चष्म्याच्या दुकानात त्यांना सगळे 'आतल्या ताई' म्हणत. बाहेर काउंटरवरच्या दोघी मुली गिऱ्हाइकांना आरसा दाखवत, फ्रेम किती खुलून दिसते ते सांगत. ताई मागच्या खोलीत यंत्रावर काचा घासून त्या फ्रेममध्ये बसवत. भिंतीला एक झरोका होता, त्यातून ट्रे आत यायचा आणि काम झालं की बाहेर जायचा. यंत्राच्या घरघरीत बोलायची सोयच नव्हती. कित्येक दिवस असे जात की सकाळी 'आले गं' आणि जाताना 'निघते गं', एवढंच काय ते तोंडातून निघे.

वडील होते तोवर घरी ही कसर भरून निघायची. ते बस चालवत. निवृत्त झाले, मग नजर गेली, कानही मंद झाले. मुलगी चष्म्याच्या दुकानात आणि आपल्याला एकही चष्मा लागू पडू नये, याचं त्यांनाच हसू यायचं. ताई लग्न न करता त्यांच्याजवळ राहिल्या. का, ते कुणी विचारलं नाही, आणि पुढे विचारण्यासारखं वयही राहिलं नाही.

वडिलांचा वेळ जावा म्हणून एकदा ताईंनी वाचनालयातून एक जाडजूड कादंबरी आणली. एका भावाबहिणीने मिळून लिहिलेल्या अद्भुत मालिकेचा तो पहिला भाग होता. वडील उखडले.

"राक्षसांच्या गोष्टी ऐकायला मी काय पाळण्यात आहे?"

"दोन पानं ऐका, बाबा. नाही रुचलं तर ठेवून देते."

दुसऱ्या पानावर नावाडी आला आणि वडील उठून बसले. त्या नदीत ज्याचा हात बुडेल तो आपलं नाव विसरे. म्हणून हा म्हातारा उतारूंवर सारखा खेकसायचा, हात आत घ्या, हात आत घ्या.

"हा आपला माणूस," वडील म्हणाले. "बाकीचे नुसत्या तलवारी परजतात. हा ड्युटी करतो."

मग रोज संध्याकाळी वाचन ठरूनच गेलं. त्यांना ऐकू जावं म्हणून ताई खड्या आवाजात वाचत, थांबत, राक्षसासाठी घसा खरवडून घेत. मालिकेचा शेवटचा भाग तेवढा यायचा राहिला होता, आणि वडील गेले. तो भाग आला तेव्हा ताईंनी विकत घेतला आणि कपाटात ठेवून दिला. उघडून वाचून दाखवायचा कुणाला?

अशात वाचनालयाच्या दारावर कागद लागला, की ते दोघे लेखक शनिवारी दुपारी येणार आहेत. ताईंनी मालकांकडे अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली. मालक चकितच झाले. "बरं नाही का, ताई?" त्यांनी विचारलं. दुसरं कारण त्यांना सुचलंच नाही.

सभागृहात माणसांपेक्षा खुर्च्या जास्त होत्या. ताई कडेला बसल्या, कपाटातलं ते कोरं पुस्तक मांडीवर. लेखक भाऊ आला तो गळ्याभोवती मफलर गुंडाळून. त्याचा आवाज पार बसला होता. वाचन बहीणच करणार होती. तिने पर्समधून चष्मा काढला आणि कपाळाला हात लावला. गाडीत ती त्यावरच बसली होती. एक काच निखळली होती, काडी लोंबत होती.

"चष्म्यातलं कुणाला काही कळतं का हो?" तिने गमतीने विचारलं.

ताई उठल्या. आपण कधी उठलो ते त्यांना कळलंच नाही. त्यांनी चष्मा उलटसुलट करून पाहिला. "स्क्रूच गेलाय. दुकानात होईल, इथं नाही व्हायचं."

"मग आता?" बहिणीची नजर ताईंच्या हातातल्या पुस्तकाकडे गेली. "तुम्ही वाचाल? शेवटून दुसरं प्रकरण."

ताईंनी पुस्तक उघडलं. पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. पहिलं वाक्य त्यांनी वाचलं ते मंद कानाच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात. मागे दोघं-तिघं खुदकन हसले. मग हसू थांबलं. ताई कुठेच बघत नव्हत्या. नावाडी शेवटची फेरी मारत होता. होडीत उतारू नव्हता. पलीकडे पोचल्यावर त्याने दोर खुंट्याला बांधला, वल्हं आडवं ठेवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपला हात पाण्यात सोडला.

ताई थांबल्या. त्यांनी तीच ओळ पुन्हा एकदा वाचली.

"सावकाश," लेखिका हळूच म्हणाली.

ताईंनी प्रकरण संपवलं. टाळ्या वाजल्या. लोक सह्या घेऊन पांगले, तेव्हा लेखिकेने त्यांना बाजूच्या खुर्चीवर बसवलं. "असं वाचायला कुठे शिकलात?"

"वडिलांसाठी वाचायचे. नावाडी त्यांचा लाडका. हा भाग येण्याआधी ते गेले."

लेखकाने खिशातून कागद काढला, त्यावर लिहून पुढे केला. 'हा शेवट त्यांना आवडला असता?'

ताईंनी खरंच विचार केला. "नसता आवडला. म्हणाले असते, बदली माणूस आल्याशिवाय ड्युटी सोडायची नसते."

लेखक आवाज न करता हसला, खांदे गदगदून. लेखिका मात्र हसली नाही. "बरोबर आहे त्यांचं," ती म्हणाली. "आम्ही दमलो होतो हो. सात भाग म्हणजे काही चेष्टा नाही." तिने पेन उघडलं. "कुणाच्या नावाने लिहू?"

"नुसती सही करा."

बाहेर हॉर्न वाजला. दोघं निरोप घेऊन गाडीत बसले. ग्रंथपाल खुर्च्या एकात एक रचू लागले. ताईंना वाटलं, कुणीतरी चहाला थांबा म्हणेल. जरा वेळ त्या पायरीवर उभ्या राहिल्या, मग घरी गेल्या.

सोमवारी दुकानात त्यांनी आपण होऊन विषय काढला. "परवा त्या दोघा लेखकांना भेटले. त्यांच्यासमोर वाचलं मी."

"हो? सिरियल लिहितात का ते?" एका मुलीने विचारलं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी पहाटेच ताईंनी पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं, मनातल्या मनात. दुपारचं जेवण व्हायच्या आत ते संपलंसुद्धा. मनात वाचलं की पुस्तक इतक्या लवकर संपतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. अख्खी दुपार तशीच समोर पडलेली होती.