पेनड्राइव्ह खिशातच होता

कर्जतजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात प्रबुद्ध लॅब असिस्टंट होता, पण मुलं त्याला सर म्हणत. अकरा वर्षं झाली तरी तो शब्द कानावर पडला की त्याची मान किंचित ताठ व्हायची. त्याच्या वडिलांनी मोहोपाड्याच्या कारखान्यात हेल्पर म्हणून उभी हयात काढली. त्यांना सर कुणी म्हटलं नव्हतं.

परीक्षेआधी लॅबमधल्या वीस मशीनवर जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा बसवायचं काम त्याचं. प्रोजेक्टला लागणारे तयार भाग मॅव्हन नावाचं साधन इंटरनेटवरून गोळा करतं, आणि लॅबचं नेट म्हणजे नावालाच. म्हणून ते सारे भाग तो आपल्या पेनड्राइव्हवर बाळगी. यंदा आदल्या दिवशी त्याने ते प्रत्येक मशीनवर उतरवले, प्रत्येक ठिकाणी एकेका मुलाचा प्रोजेक्ट चालवून पाहिला. सगळीकडे चालला. चालणारच, सेटिंगमध्ये त्या भागांचा पत्ता मशीनऐवजी पेनड्राइव्हचाच राहिला होता, आणि तपासताना पेनड्राइव्ह लावलेलाच असायचा.

परीक्षेला बाकीच्यांनी आपापले लॅपटॉप आणले. पळसदरीच्या हर्षलाकडे लॅपटॉप नव्हता. ती लॅबच्या मशीनवर बसली, कमांड दिली, आणि पडद्यावर लाल ओळी धावल्या.

"काल चालत होता, सर," ती बाहेरून आलेल्या परीक्षकांना म्हणाली.

"सगळ्यांचा कालच चालतो. स्वतः केलायस, की कुणाचा उचललायस?"

मागची पोरं हसली. हर्षलाने प्रबुद्धकडे पाहिलं. त्याने पहिली लाल ओळ वाचली. मशीन पेनड्राइव्ह शोधत होतं. तो त्याच्या खिशात, किल्ल्यांच्या जुडग्याला होता. 'चूक माझी' एवढंच म्हणायचं होतं. त्याऐवजी तो पुढे झाला, मशीनच्या मागे हात घालून पेनड्राइव्ह लावला आणि म्हणाला, "आता चालव गं."

प्रोजेक्ट चालला.

"सर होते म्हणून वाचलीस," परीक्षकांनी गुण लिहिता लिहिता सुनावलं. "निदान सेटअप तरी शिकून यायचा."

दारातला शिपाई कमलेश म्हणाला, "सरांचा हात लागल्यावर मशीनची काय बिशाद हाय." प्रबुद्ध हसला. ते हसू नंतर घरी तोंड धुतानाही त्याला चेहऱ्यावर चिकटलेलं वाटलं.

दुसऱ्या दिवशी हर्षला पळसाच्या पानात करवंदं घेऊन आली. "आईने दिलीत. म्हणाली, सरांनी लाज राखली." मग म्हणाली, "घरी सगळा कोड परत वाचला, सर. माझं कुठे चुकलं ते सापडलंच नाही."

हातातलं करवंद त्याला तोंडात टाकवेना. त्याने सांगून टाकलं.

"म्हणजे माझं बरोबर होतं?"

"पहिल्यापासून."

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

नाही म्हणता आलं असतं. "हो," तो म्हणाला.

तिने पानाची कड दुमडली. "मग तसं लिहून द्या, सर."

या वेळी तो शब्द ऐकून त्याची मान खाली गेली. त्याने विभागप्रमुखांच्या नावे चार ओळी लिहिल्या, खाली सही केली, सहीखाली 'लॅब असिस्टंट' लिहिलं, आणि कागद कमलेशकडे दिला.

कमलेशने तो नेता नेता वाचला. परत आला तेव्हा त्याने थट्टा केली नाही, 'सर'ही म्हटलं नाही. प्रबुद्धकडे न बघताच तो आपल्या स्टुलावर जाऊन बसला.