तळ्याच्या गडावर नेहा जे बोलली

तळा या गावी जायचं ठरलं ते एका फॉर्ममुळे. सैनिकांच्या मुलांची मनःस्थिती कशी असते, यावरच्या पुण्यातल्या एका संशोधनात मी मुलाखती घेते. सतरा वर्षांच्या नेहानं ‘झोप कशी लागते?’पुढे लिहिलं होतं, ‘लागत नाही.’ आणि खाली, ‘बाबांना सांगू नका.’ त्यानंतर चार दिवस तिचा फोन बंद. आईही फोन उचलेना. माझ्या मनात नको नको ते येऊ लागलं. आमच्या संशोधनप्रमुख मॅडम म्हणाल्या, “समुपदेशकांशी मी बोलते. तू आजच नीघ.”

ताम्हिणीमार्गे माणगावची एसटी पकडली. घाट सुंदर आहे, पण मला त्या दिवशी तो दिसलाच नाही. तुम्ही जाल तेव्हा खिडकीची जागा धरा. माणगावात मिसळपाव मिळतो, तो खाऊनच पुढे निघा, कारण तळ्याची गाडी वेळेवर येईल याचा भरवसा नाही. मला तासभर थांबावं लागलं, आणि तो तास संपता संपेना.

गावात पोचले तर नेहाची आई खळ्यात भात झोडत होती. आणि ओट्यावर नेहा! चहा गाळत होती. मी तिथंच पायरीवर बसले.

“फोन?” एवढंच विचारलं.

“बादलीत पडला,” नेहा म्हणाली.

“आन् आमी अनोळखी नंबर उचलत न्हाय, मॅडम,” आई म्हणाली. “ह्यांनीच सांगितलंय.” ‘हे’ म्हणजे नेहाचे बाबा. सरहद्दीवरच्या चौकीवर होते.

चहा झाल्यावर नेहाच म्हणाली, “गड बघायचाय?” तळ्याचा गड गावाला लागूनच आहे. वाट सोपी, पण पाणी सोबत न्या. वरून खाडी लांबवर चकाकताना दिसते. तिथं बुरुजावर टेकून तिनं सांगून टाकलं. ती लष्करात अधिकारी होणार म्हणून बाबांनी पलटणीत सगळ्यांना सांगितलंय. आणि ती गणपतीपासून त्यासाठीच्या माणगावच्या क्लासला गेलेलीच नाही. वर्गात शिरलं की छाती धडधडते, श्वास अडकतो.

“मग सांगत का नाहीस त्यांना?”

“त्यांच्या हातात बंदूक असते, मॅडम. माझ्या विचारात त्यांचं लक्ष गेलं आणि काही झालं तर?”

समुपदेशक ताई आहेत, त्यांच्याशी बोलशील का, विचारलं. तिनं होकारार्थी मान हलवली. उतरताना म्हणाली, “आज बाबांना सांगते. तुम्ही थांबा.”

साडेपाचला ओट्यावर बसलो असताना आईच्या फोनवर बाबांचा फोन आला. नेहानं स्पीकर लावला आणि एका दमात सगळं बोलून मोकळी झाली. आईनं पदर तोंडाशी धरला.

“पोरी,” बाबा म्हणाले, “दोन महिने तुम्ही दोघी मला ‘ठीक हाय, ठीक हाय’ सांगताय. तुझा आवाज मला कळत न्हाय व्हय? इथं ड्युटीवर तेच डोक्यात. आता कळलं ना, आता मला बरं वाटतंय.” मग म्हणाले, “क्लास सोड. आधी झोप घे.”

नेहा रडत रडत हसली. आई फोनजवळ सरकून म्हणाली, “आता माझंबी ऐका. पावसात पडले मी, मनगट मोडलं हुतं. सांगितलं न्हाय.” त्यावर बाबा जे ओरडले, ते ऐकून आम्ही तिघीही हसत सुटलो.

मुक्काम तिथंच झाला. तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण, आणि कित्येक दिवसांनी गाढ झोप, निदान मला तरी. सकाळच्या परतीच्या गाडीत ताम्हिणीचे कडे मी डोळे भरून पाहिले.

हे सगळं नाव बदलून, घरच्यांना विचारूनच लिहिते आहे. अहवालात नेहाची एक ओळ होईल, फार तर दोन. घरच्यांनी जपायचं म्हणून लपवलेलं कुणाला किती जड होतं, हे मी इतकी वर्षं फॉर्ममध्ये विचारत होते. ऐकलं मात्र त्या ओट्यावर.

समुपदेशक ताईंशी पहिलं बोलणं झाल्यावर नेहाचा फोन आला. आवाज बसला होता.

“मॅडम, खूप रडले आज,” ती म्हणाली. “आता सडकून भूक लागलीये.”