तुलनेला कोणी नाही

चिवडा खाताना बाकीची बोटं तेलकट होतात, म्हणून विद्याताई करंगळीने कळ दाबून संगणकावरचे अभ्यास बाद करतात. मलेरिया हटवण्याचं धोरण ठरवायचं, तर आधी सगळे शोधनिबंध चाळून पक्का पुरावा वेगळा काढावा लागतो. आम्ही दोघी दिवसभर तेच करतो. निकषात बसला तर ठेवायचा, नाहीतर करंगळी.

आज जंगलातल्या एका पाड्याचा अभ्यास गेला. तिथल्या डॉक्टरने घरटी मच्छरदाण्या वाटल्या होत्या आणि ताप कमी झाला होता.

"हा का हो बाद?" मी विचारलं.

"तुलनेला कोणी नाही. निम्म्या घरांना द्यायलाच नको होत्या. मग फरक कळला असता."

त्यांचं चूक नाही, आणि तेच माझ्या डोक्यात जातं. पाऊस कमी झाला तरी डास घटून ताप उतरतो, हे मलाही कळतं. पण आमचा पुरावा पक्का व्हावा म्हणून कुणाची तरी पोरं उघडी झोपायला हवीत, आणि ज्याने सगळ्यांना मच्छरदाणी दिली त्याचं काम आम्ही कचऱ्यात टाकायचं? वर याला काटेकोरपणा म्हणायचं!

"निम्मी म्हणजे कुठली घरं?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"चिठ्ठ्या टाकायच्या," त्या शांतपणे म्हणाल्या.

बाहेर अंधारून आलं होतं. विद्याताई हात पुसून उठल्या आणि खिडक्यांच्या डासजाळ्या लावू लागल्या. एकही खिडकी त्यांनी सोडली नाही.