बोलायचं नाही, एवढीच अट

वैशाखातली सकाळ होती. आमचे हे चहाबरोबर हिंदी पेपर मोठ्याने वाचत होते, कारण मला वाचायला चष्मा लागतो आणि ह्यांना ऐकणारं कुणीतरी लागतं. शहराच्या पानावर खाली कोपऱ्यात चार ओळी होत्या. किरायाच्या खोलीत विदेशी महिलेचा मृतदेह सापडला, हृदयविकाराचा अंदाज, दूतावासाला कळवण्याची तयारी सुरू. "बिचारी, कुठून कुठे येऊन मेली," असं म्हणून मी पोह्यांना फोडणी दिली. बातमीत नाव नव्हतं. दुपारी लग्नांची व्यवस्था बघणाऱ्या पिंटू नावाच्या माणसाचा फोन आला. "आंटीजी, वो अफ्रीका वाली दीदी नहीं रहीं... आप ही का नाम लेती थीं हमेशा।" तेव्हा कळलं की सकाळी मी जिला बिचारी म्हटलं ती आमची यशोदा. यशोदा सिद्दी. म्हणे विदेशी!

ठाणं आमच्या नाही, तिच्या खोलीच्या हद्दीतलं; गेलो तर तिथले साहेब आमचीच समजूत घालायला लागले. "मैडम, आप शक्ल तो देखिए। ये इंडियन कैसे हो सकती हैं?" मी सांगितलं, ही पश्चिम घाटातल्या जंगलातल्या खेड्यातली, कारवारच्या वरच्या अंगाची. हिच्या पूर्वजांना पोर्तुगीजांनी जहाजात कोंबून आणलं, त्याला कैक पिढ्या लोटल्या. माझे आजे-सासरे झाँसीला आले त्याच्या कितीतरी आधीपासून ही माणसं या देशात आहेत. साहेब माझ्याकडे अशा नजरेने बघत होते, की या म्हाताऱ्या बाईला ऊन लागलंय. मग हवालदाराने हळूच सांगितलं की सामानात एक आधार कार्ड सापडलंय, पण ते खोटं असणार म्हणून बाजूला ठेवलंय, पासपोर्टचा शोध चालू आहे. हसावं की रडावं... मला संताप आला, एवढं खरं. तिच्या भावाशी फोन जोडून दिला. तो बिचारा रडत एवढंच म्हणाला, "माका यायला तीन दिवस लागतले, तुमीच करा." तिला अग्नी आमच्या ह्यांनी दिला.

आता थोडं मागे जाते. इलाइट चौराह्यावर भाजीच्या गाडीशी मी उभी होते. शेजारी एक उंच, काळी कुळकुळीत, कुरळ्या केसांची तरुणी हिंदीत घासाघीस करत होती. भाजीवाला ऐकेना, तशी ती तोंडातल्या तोंडात म्हणाली, "मेल्या, दिवसाढवळ्या लुटतोस!" माझ्या हातातली मेथी खाली पडली. इथे झाँसीत आम्ही मराठी माणसं मूठभर. आमची स्वतःची मुलंसुद्धा मराठी ऐकतात आणि उत्तर हिंदीत देतात. तिथे मला हे ऐकायला मिळालं! "तुम्ही मराठी?" मी विचारलं. "तुमी पण?" ती म्हणाली, आणि आम्ही दोघी भर रस्त्यात खदखदून हसलो. तिचं बोलणं म्हणजे निम्मं कोकणी, निम्मं मराठी, वर झाँसीच्या हिंदीचा तडका. पण 'वहिनी' अशी हाक मारायची ती अगदी घरच्यासारखी.

तिची सगळी कहाणी मला त्याच आठवड्यात कळली, कारण यशोदाच्या पोटात काही राहायचं नाही. लहानपणी गावात साहेब लोक आले, पोरांना धावायला लावलं आणि ही माणसं मूळची आफ्रिकेची म्हणजे धावणारच, अशा हिशेबाने तिला उचलून क्रीडा वसतिगृहात घातलं. धावलीही ती, राज्यासाठी धावली. मग गुडघा गेला. गुडघा गेल्यावर साहेबही गेले. कुणाच्या तरी ओळखीने इथल्या एका खाजगी शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून लागली. रस्त्यात पोरं तिला काय काय म्हणायची ते इथे लिहीत नाही. ती उलट वळून त्यांना बुंदेलीत असं काही सुनवायची, की पोरं गारद. गणपतीत आमची मराठी मंडळी एकत्र जमतात, तिथे मी तिला घेऊन गेले. पहिल्या वर्षी बायका नुसत्या बघत राहिल्या. दुसऱ्या वर्षी तिने पुऱ्यांचा घाणा हातात घेतला आणि मग तिच्यावाचून कुणाचं पान हलेना.

त्याच मंडळीत शैलावहिनी होत्या. मोठ्या कारखान्यातल्या अधिकाऱ्याच्या पत्नी, आवाज गोड, सगळ्यांत पुढे. त्यांची केतकी यशोदाच्या शाळेत, यशोदाच्याच हाताखाली धावायची. (नावं बदलली आहेत. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.) पोरगी गुणाची होती आणि यशोदाचा तिच्यावर भारी जीव. "वहिनी, ही पुढे जातली," असं ती मला सांगायची आणि असं सांगताना तिचा स्वतःचा दुखरा गुडघा चोळायची.

ती संध्याकाळ मी पाहिली नाही, पण यशोदाने सांगितली आहे आणि तिच्या शब्दावर माझा विश्वास आहे. सराव संपला होता. केतकी मागे एकटीच बूट बदलत बसली होती. मैदानाच्या पायऱ्यांवर एक बड्या घरचा तरुण रोज येऊन बसायचा, त्याने तिला धरलं. यशोदा धावत आली आणि तिने त्याला ढकललं. धावपटूच्या अंगातला जोर तो! तो दगडी पायऱ्यांवरून खाली गेला आणि दवाखान्यात मेला. केतकीला तिने आधीच घरी पिटाळलं होतं. दुसऱ्या दिवशी मी आणि हे शैलावहिनींकडे गेलो. केतकीने नुसतं खरं काय घडलं ते सांगावं, एवढंच मागायला. शैलावहिनींनी आम्हाला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "आमची केतकी काल सरावाला गेलीच नव्हती. तिला ताप होता." त्याच आठवड्यात केतकीची पुण्याला मावशीकडे रवानगी झाली.

वकील यशोदाला विनवत होता, की मुलीचं नाव सांग, तिला साक्षीला बोलावता येईल. ही आम्हालाही शपथ घालून म्हणाली, "पोरीचं नाव एकदा कागदावर आलं की तिचा जन्म गेला. माका तसाही कोण विचारतो?" कोर्टात फिर्यादीकडच्या वकिलाने तिच्याकडे बोट दाखवून 'ऐसे लोग स्वभाव से ही हिंसक होते हैं' असंही म्हणून घेतलं आणि कुणी त्याला अडवलं नाही. सात वर्षं शिक्षा झाली. ती तिने पुरी भोगली. मी अधूनमधून भेटायला जायची. आत तिने बायकांना कडुनिंबाभोवती चकरा मारायला लावलं होतं आणि टहरौली गावाकडची एक आजीबाई म्हणे सगळ्यांत पुढे असायची. तिथे मला ती बरी दिसली, हे सांगताना आजही तोंड कडू होतं. आत तिला नाव होतं.

सुटली तेव्हा मी तिला आमच्याच घरी आणलं, दारात तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळला, पायावर पाणी घातलं. "वहिनी, माका दृष्ट कोण लावतलो गो?" म्हणून ती हसली. तिला फार काही नको होतं. पुन्हा एकदा मैदान हवं होतं आणि शिट्टी फुंकल्यावर धावणाऱ्या पोरी हव्या होत्या. शाळेने चहा दिला, 'पालक काय म्हणतील' असं सांगितलं. दुसऱ्या शाळेने चहाही दिला नाही. छावणीतल्या शांत रस्त्यावर पहाटे ती दोन पोरींना शिकवायला लागली होती. आठव्या-दहाव्या दिवशी एकीच्या आईला कुणीतरी 'खरी माहिती' पुरवली. खोलीचं तर विचारूच नका. पूर्वी रंग बघून नाही म्हणायचे, आता रंग आणि जेल दोन्ही. कुठे भांडण झालं, कुणाची चेन गेली, की पोलीस आमच्या दारात, "वो जो आपके यहाँ ठहरी हैं..." आणि गणपती आले, तेव्हा आमच्या मराठी मंडळींनी मला बाजूला घेऊन समजावलं, की यंदा पुऱ्या बाहेरून मागवू या. शिक्षा संपली म्हणतात ती कुणाची संपते, मला ठाऊक नाही.

त्यानंतर पिंटू आला. इथल्या लग्नांत हल्ली गेटवर गोऱ्या किंवा काळ्या परदेशी बायका उभ्या करायची टूम निघाली आहे, पाहुण्यांवर गुलाबपाकळ्या उधळायला. पिंटूने यशोदाला रस्त्यात पाहिलं आणि त्याला घबाड सापडलं. "दीदी, आपको कुछ नहीं करना। बस खड़े रहना है, मुस्कुराना है। बोलना नहीं है।" गळ्यात मण्यांच्या माळा, डोक्यावर पिसं, चित्त्याच्या कातड्यासारखा छापील घागरा, तोंडावर पांढरे ठिपके. आफ्रिका तिने फक्त शाळेच्या नकाशात बघितली होती! मी भडकले. जन्मभर 'मी इथलीच' म्हणून भांडलीस ती यासाठी का? ती शांतपणे म्हणाली, "वहिनी, यशोदाच्या मागे जेल आहे. ह्या आफ्रिकावालीच्या मागे काय पण नाही." आणि खरंच होतं ते. पिंटूने तिला खोली मिळवून दिली ती 'विदेशी कलाकार' म्हणून. ज्या गावाने यशोदाला जिना चढू दिला नाही, त्याच गावातला घरमालक या पाहुणीला पाण्याची बाटली वर नेऊन द्यायचा. अट तीच. बोलायचं नाही. खोलीतही नाही, जिन्यातही नाही.

मग ती रविवारी आमच्याकडे यायची आणि आठवडाभराचं बोलायची. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बसायची आणि सुरू. गावची भुतं, वसतिगृहातली भांडणं, कुठल्या लग्नात नवरदेव घोडीवरून पडला... बोलून बोलून घसा बसायचा तेव्हा उठायची. आमचे हे म्हणायचे, "यशोदा, जरा श्वास घे." ती म्हणायची, "भाऊजी, श्वास सोमवारपासून घेईन ना." आम्ही हसायचो. तेव्हा हसू यायचं.

असल्याच एका रविवारी ती आली आणि ओट्याला न टेकता माझी मेथी निवडायला बसली. मग तिने सांगितलं. आदल्या दिवशीच्या लग्नाच्या गेटवर फुलांनी लिहिलेलं नवरीचं नाव तिने वाचलं होतं. केतकी. मलाही त्या लग्नाचं आमंत्रण होतं, मी गेले नव्हते. यशोदाला निघून जाता आलं असतं. "पण बघावंसं वाटलं गो," ती म्हणाली. ब्यूटी पार्लरमधून नवरीची गाडी आली. केतकी उतरली, पाकळ्या अंगावर पडल्या, तिने सहज वर पाहिलं आणि जागीच थांबली. पुढे येऊन तिने यशोदाचा हात धरला आणि विचारलं, "मॅडम? यशोदा मॅडम, तुम्हीच ना?" सासरची माणसं चार पावलांवर उभी होती. यशोदाने मान हलवली. नाही. केतकीने तरी हात सोडला नाही. डोळ्यांतलं पाणी गालांवर आलं. कुणीतरी "चलो, मुहूर्त टल जाएगा" म्हणत तिला आत नेलं. "तू 'नाही' का म्हणालीस?" मी ओरडलेच यशोदावर. ती म्हणाली, "हो म्हटलं असतं तर तिने सगळं बोलून टाकलं असतं, थंयच, गेटवरच, सगळ्यांसमोर. तिचा चेहरा तसा झालेला." त्यानंतर तिने मला तीनदा विचारलं, "तिका खरं वाटलं असेल काय गो, मी नाही म्हटलं ते?"

हा प्रश्न तिच्याबरोबर गेला नाही, माझ्याकडे राहिला. म्हणून तेराव्यानंतर मी इतक्या वर्षांनी शैलावहिनींच्या घराची पायरी चढले. केतकीचा नंबर हवा होता, बाकी काही नाही. बैठकीच्या खोलीत समोरच्याच भिंतीवर मोठी फ्रेम. नवरीच्या वेषातली केतकी, डोळे भरलेले, आणि तिचा हात हातात घेतलेली, पिसांचा मुकुट घातलेली, पांढऱ्या ठिपक्यांची यशोदा. शैलावहिनी मागून म्हणाल्या, "सगळ्या अल्बममध्ये हाच फोटो जावयांना आवडला. त्यांनीच मोठा करून दिलाय." मी म्हटलं, "शैलावहिनी, ही यशोदा आहे. गेली ती, पंधरवडा झाला." वाटलं होतं, दचकतील. त्या सोफ्याचं कव्हर नीट करत राहिल्या. म्हणाल्या, "ओळखलं होतं मी तिला, गेटवरच. पिंटूला बाजूला घेऊन विचारलं, ही बोलते का? तो म्हणाला, नहीं मैडम, बोलना मना है। मग म्हटलं, राहू दे." नंबर त्यांनी दिला नाही. पोरीच्या संसारात आता जुनं काही नको, म्हणाल्या. चहा आला होता, तो तसाच ठेवून मी उठले.

म्हणून हे इथे लिहिलं आहे. केतकी, तुझ्या गावी पेपरची ही मराठी पुरवणी येते की नाही, तू अजून मराठी वाचतेस की नाही, मला माहीत नाही. वाचत असशील तर तुझ्या माहेरच्या भिंतीवरची ती बाई आफ्रिकेची नव्हती. तुझं नाव कुठे येऊ नये म्हणून ती कोर्टात गप्प राहिली आणि तुझ्या लग्नाच्या गेटवरही. तू बरोबर ओळखलं होतंस, बाळा. त्या मॅडमच होत्या.